कल्याण ते नागपूर, वरच्या वाटेने

बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. कल्याण ते इगतपुरी आणि इगतपुरी ते कल्याण, एवढ्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. कसाऱ्याच्या घाटातला प्रत्येक बोगदा, प्रत्येक वळण त्यांना ठाऊक होतं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही कल्याणलाच भाड्याच्या घरात राहिलो, स्टेशनातली शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण बाबा वेळ सांगायचे ती गाड्यांवरून. "मेल अजून गेली नाही, एवढ्यात कशाला पानं घेतेस?" असं ते आईला म्हणत.

मी तेव्हा कल्याणातल्याच एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नोकरी नवी होती. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि शाळेच्या नकाशांवर जुन्या संस्थानांचे रंग अजून तसेच होते. माझी थोरली बहीण नागपूरला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा आशा लागली आणि दोन्हीदा गेली. तिसऱ्या वेळी सातवा महिना नीट पार पडला, तेव्हा आईने देवाला गूळ-खोबरं ठेवलं. खरं तर बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला इतक्या लांबच्या प्रवासाला मनाई केली होती. म्हणून गणपती झाले की आईनेच नागपूरला जायचं, असं ठरलं होतं. बाळंतकाढ्याची पुडी, हळीव, डिंक, जुन्या लुगड्यांची धुवट दुपटी असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून तयार होतं.

गणपतीला अजून अवकाश होता तेव्हाच एक दिवस दुपारी तार आली. ताईला इस्पितळात ठेवलंय, आईला ताबडतोब पाठवा.

मी शाळेतून आले तेव्हा आई ट्रंकेवर बसली होती. रडत नव्हती. बाबा छत्री घेऊन स्टेशनावर गेले होते, रात्रीच्या गाडीची जागा बघायला. चार दिवस पाऊस असा लागला होता की अंगणातली तुळससुद्धा पिवळी पडली होती. बाबा परत आले ते पायऱ्यांवरच उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"घाट बंद आहे," ते म्हणाले. "कसाऱ्याच्या वर डोंगर खाली आलाय. रुळावर."

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"वेळ नाही, दिवस विचार. दगड काढायला आठवडा. खालचा भराव वाहून गेला असेल तर जास्तच."

आईने विचारलं, "दुसरी वाट नाही का?"

बाबांनी त्याचा विचार येतायेताच केला होता. सुरतेवरून भुसावळला जाता येतं, तिथून पुढे नागपूर. पण त्या बाजूलाही नद्यांना पूर होता आणि गाड्या कुठे थांबतील याचा भरवसा स्टेशनमास्तरसुद्धा देत नव्हते. बाबा हे सगळं सांगत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू असा बारीक होत गेला, जणू घाट त्यांनीच बंद केला होता.

आमची घरमालकीण त्याच घराच्या शेजारच्या भागात राहायची. इथल्याच जुन्या आगरी घरातली बाई. शहाडच्या बाजूला त्यांची भाताची खाचरं होती. तार आल्याचं कळल्यावर ती आली आणि दाराशी बसली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इमानान जावा ना मग. आमच्या शेतावरून जातान रोज. कुठं तरी जात आसतीलच ना ती?"

आम्हाला कोणालाच हे सुचलं नव्हतं. विमान ही मोठ्या लोकांची, मंत्र्यांची आणि गिरणीमालकांची गोष्ट. आपल्या डोक्यावरून जातं, आवाज आला की मुलं बाहेर पळतात, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. दुसऱ्या दिवशी पहाटेच बाबा मुंबईला गेले. मुंबईकडची वाट चालू होती.

संध्याकाळी ते तिकीट घेऊन आले. घाट बंद झाल्यामुळे नागपूरच्या विमानाला गर्दी उसळली होती. परवा सकाळची एकच जागा मिळाली होती.

"एकच?" मी म्हटलं. "म्हणजे आई एकटी?"

आईने आजवर एकटीने ठाण्यालासुद्धा प्रवास केलेला नव्हता. ठाण्याला माझे मामा राहायचे. तिथे जायचं तरी बाबा नाहीतर मी सोबत असायचे. बाबा म्हणाले, "तूच जा हवं तर. तुला इंग्रजी येतं, कोणी विचारलं तर सांगता येईल."

आई चुलीपुढे होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "ती जाऊन काय करणार? तिला काय कळतंय बाळंतपणातलं? मी जाते."

तेवढ्यावर ते ठरलं.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी कपाटातून हिंदुस्थानचा एक फाटका नकाशा काढला. मागे कापड चिकटवायला म्हणून शाळेतून आणलेला. तो जमिनीवर पसरला. आईला नागपूर कुठे आहे ते दाखवावं, म्हणजे तिला धीर येईल असं मला वाटलं. बाबांनी शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि रेल्वेच्या काळ्या रेघेवरून तो वळवत वळवत नेला. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर. मग तोच दोरा मुंबईपासून नागपूरपर्यंत सरळ ताणून धरला. बोटभर दोरा हातात उरला. कल्याणहून नागपूर रुळांनी पाचशे मैलांना थोडंसंच कमी, आणि हवेतून मुंबईपासून धरलं तरी चारशेच्या थोडं वर. रात्रभर आणि पुढचा अर्धा दिवस खाणारा तो प्रवास विमान तीन तासांच्या आत करतं, असं बाबांना विमान कंपनीच्या कचेरीतल्या माणसाने सांगितलं होतं.

आईने नकाशावर बोट ठेवलं. "मग वाटेत इगतपुरी लागतं का?"

"नाही."

"मनमाड?"

"अगं, वाटेत काहीच लागत नाही. वर चढायचं आणि तिकडे खाली उतरायचं."

"मग माणसाला कळतं कसं, कुठवर आलो ते?"

बाबांनी दोरा गुंडाळला. "नाही कळत," ते म्हणाले. आणि दोरा डब्यात ठेवताना, "चालवणाऱ्याला कळत असेल."

भावोजींना आम्ही तार केली, की आई अमक्या दिवशी विमानाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरेल, घ्यायला या. आदल्या दिवशी मी आणि आई ठाण्याला मामांकडे जाऊन राहिलो, म्हणजे सकाळी अंतर तेवढंच कमी. बाबा कल्याणच्या फलाटापर्यंत आले. विमानतळावर येतो म्हणाले नाहीत. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून आईच्या हातात आलेपाकाची पुडी दिली आणि म्हणाले, "बाहेर वाकून बघू नकोस." आई हो म्हणाली. विमानाच्या खिडक्या उघडत नाहीत हे आम्हा तिघांतल्या कोणालाच माहीत नव्हतं.

सांताक्रूझ स्टेशनाबाहेरून घोडागाडी केली. विमानतळ म्हणजे त्या वेळी काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एक लांबट इमारत, आत बाकं, आणि काचेपलीकडे ओल्या धावपट्टीवर उभी असलेली विमानं. आईने तिचं ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसलं होतं, अंगावर शाल, हातात पितळी तांब्या आणि पिशवी. ट्रंक काट्यावर ठेवली. ट्रंकेचं वजन झाल्यावर तिथल्या गणवेशातल्या तरुणाने अदबीने आईलाही काट्यावर उभं राहायला सांगितलं. विमान लहान, त्यात माणसांचंही वजन धरावं लागे.

आईने माझ्याकडे पाहिलं. "मला कशाला?"

"सगळ्यांनाच करतात, आई."

ती चप्पल काढून काट्यावर चढली, देवळात चढावी तशी. पिशवी हातात होती ती खाली ठेवावी का, म्हणून विचारलं. तो तरुण हसला आणि म्हणाला, "राहू दे, माताजी, ती पण तुमच्याबरोबरच येणार."

पावसामुळे विमान सुटायला उशीर झाला. आम्ही बाकावर बसून राहिलो. आई मला घरच्या सूचना देत होती. दुधाचं भांडं कोणतं, बाबांना रात्री भात द्यायचा नाही, लोणच्याच्या बरणीला ओला हात लावायचा नाही. मग नाव पुकारलं. ती उठली, पदर घट्ट खोचला आणि छत्र्या धरून उभ्या असलेल्या माणसांमधून चालत गेली. शिडी चढताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मला वाटलं ती घाबरली असेल. पंखे फिरू लागले, विमान लांब गेलं, वळलं, आणि मग इतक्या चटकन ढगात शिरलं की हात करायचा तो राहूनच गेला.

मी परत निघाले. घोडागाडी मिळाली नाही म्हणून सांताक्रूझ स्टेशनापर्यंत भिजत चालत आले. दादरला उतरून पूल ओलांडून आमच्या बाजूच्या फलाटावर आले. गाड्या रडतखडत चालत होत्या. मला मिळालेली गाडी कुर्ल्याला थांबली ती हलेचना. मी खिडकीतून पाणी साचलेले रूळ बघत बसले आणि मनात हिशेब चालला होता, आत्ता आई कुठे असेल. माझी गाडी ठाण्याला आली तेव्हा ती अर्ध्या वाटेवर असणार. मुंब्र्याच्या खाडीशी आले तेव्हा वऱ्हाड सुरू झालं असेल. मी रोज मुलींना मैल आणि इंच शिकवत होते, एका इंचाला इतके मैल, आणि मला त्या दिवशी प्रथमच त्या इंचांची भीती वाटली. आपलं माणूस इतक्या वेगाने आपल्यापासून लांब जातंय हे अंगाला कळतच नाही. गाडी सुटताना निदान हळूहळू लांब जाते.

घरी पोचले तर बाबा ओटीवर उभेच होते. मी चपला काढत होते तेवढ्यात ते म्हणाले, "पोचली असेल ती."

मी म्हटलं, "हो. माझ्या आधी."

ते सकाळी मालकीणबाईंबरोबर शहाडच्या बाजूला शेतापर्यंत चालत गेले होते. विमान तिथून जातं म्हणून. दिसलं काहीच नाही, ढग खाली उतरलेले. पण आवाज आला म्हणाले. मालकीणबाई मला हळूच म्हणाली, "आवाज बिवाज काय नाय आला, पोरी. पर मी पन हो बोलली."

पोचल्याची तार त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा रोज दोनदा तारघरात आणि दोनदा स्टेशनावर जात. तिथे त्यांना कळलं की डोंगराबरोबर रुळाकडेचे तारेचे खांबही गेले आहेत. तारा लांबच्या वाटेने फिरून जात होत्या आणि ढिगाने तुंबल्या होत्या. म्हणजे आम्ही केलेली तारही अशीच कुठेतरी अडकली असणार. मग आईला घ्यायला कोण आलं असेल? हा प्रश्न आम्ही दोघांनीही मनात ठेवला, एकमेकांना विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी भावोजींची तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप, आई वेळेवर पोचल्या.

बाबांनी ती तार वाचली, मला दिली, आणि अंगणात जाऊन पाणी भरलेला बंब उगाचच पुन्हा भरू लागले. मालकीणबाईने साखर वाटली. शाळेत मी कोणाला काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी मुलींना गृहपाठ दिला नाही एवढं आठवतं.

घाट सुरू झाला तसे बाबा पहिल्याच आठवड्यात नागपूरला गेले. दिवाळीच्या सुट्टीत मीही गेले, आणि तिथे मला सगळी हकिकत आईच्या तोंडून ऐकायला मिळाली. ताई अजून अशक्त होती. खाटेवर उशीला टेकून बसलेली. मांडीवर कापसात गुंडाळल्यासारखी इवलीशी मुलगी. ताईही मध्ये मध्ये बोलत होती.

आईला घ्यायला सोनेगावला कोणीच आलं नव्हतं. आमची तार भावोजींना मिळाली ती आई पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. विमानातून सगळे उतरले, कोणाकोणाच्या मोटारी आल्या, ते निघून गेले. आई तांब्या आणि पिशवी घेऊन उभी. मग तिच्या शेजारी बसलेले एक सुटाबुटातले गृहस्थ परत आले. विमान पावसात हेलकावे खाऊ लागलं तेव्हा त्यांना मळमळायला लागलं होतं आणि आईने त्यांना आलेपाक दिला होता. ते म्हणाले, कुठे जायचंय? आईने पिशवीतून ताईची तार काढून दाखवली. ते आपल्या मोटारीतून सोडतो म्हणाले, पण आईला परक्या माणसाच्या मोटारीत बसायचं नव्हतं. तिने विचारलं, "बाकीची माणसं गावात कशी जातात?" विमान कंपनीची एक मोटारबस गावातल्या कचेरीपर्यंत जात होती. ती त्यात बसली. कचेरीपासून टांगा केला आणि इस्पितळाच्या दारात उतरली. ट्रंक टांगेवाल्यानेच उचलून आत आणली.

ताई म्हणाली, "मी डोळे उघडले तर ही समोर. मला वाटलं ताप चढलाय. म्हटलं, अगं, तू कशी आलीस? गाड्या तर बंद आहेत! तर ही शांतपणे शाल घडी करत म्हणते, उडत आले."

त्या रात्री ताईला झटके येऊ लागले. डॉक्टरीणबाई धावत आल्या. आई रात्रभर तिचे पाय धरून बसली. सकाळी मुलगी झाली, दिवस पुरे न भरलेली, मांजराच्या पिल्लासारखा आवाज असलेली. डॉक्टरीणबाई नंतर भावोजींना म्हणाल्या की पेशंटने रात्रभर धीर सोडला नाही तो आई होती म्हणून. हे सांगताना ताई रडू लागली तशी आईने विषय बदलला आणि मुलीला तेल लावायला घेतलं.

बाबांना मात्र दुसरंच विचारायचं होतं. मी तिथे होते त्या दिवसांत एकदा दुपारी, ताई झोपलेली असताना, त्यांनी आईला विचारलं. बहुधा आधीही विचारलं असावं.

"घाट दिसला का गं तुला वरून?"

"सगळे ढगच होते हो. पण एकदा मध्येच फट पडली, तेव्हा दिसला."

"बोगदे?"

"बोगदे नाही दिसले. डोंगराला लाल ओरखडा पडलेला दिसला, तेवढाच."

"आणि उंच किती दिसतो?"

"उंच कुठला? वरून सगळं सपाट दिसतं. घाटसुद्धा."

"सपाट?"

ज्या चढावर त्यांनी आपल्या गाडीला मागून इंजिनं लावून घेतली, ब्रेक धरून रात्री जागवल्या, तो चढ सपाट. आईच्या ते लक्षात आलं असावं. हातातली वात वळता वळता ती म्हणाली, "पण रूळ ओळखू आले बरं का. बाकी कुठलं गाव कुठलं, काही कळेना. रूळ तेवढे ओळखीचे वाटले."

बाबांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी विमानाबद्दल काही विचारल्याचं मला आठवत नाही.

थंडी सुरू झाल्यावर आई आणि बाबा ताईला आणि मुलीला घेऊन गाडीने कल्याणला आले. परत विमानाने यायची गोष्ट कोणी काढलीच नाही. मुलीने कल्याणला बाळसं धरलं. मालकीणबाई तिला मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, हिची आजी गरुडावर बसून आली हिच्यासाठी. हळदीकुंकवाला बायका आईला विमानाची गोष्ट सांगायला लावत. आई ती वजनकाट्यापासून सुरू करायची. बायका हसून हसून पदर तोंडाला लावत.

एकदा अशाच सगळ्या गेल्यावर मी आईला विचारलं, "शिडी चढताना मागे का नाही पाहिलंस? इतकी घाबरली होतीस?"

ती ताटातलं उरलेलं कुंकू डबीत भरत होती. म्हणाली, "घाबरले होते ना. दार लावलं तेव्हा तर देवाचं नावही आठवेना." मग म्हणाली, "पण एक सांगू? कोणाला बोलू नकोस. वर गेल्यावर थोड्या वेळाने बरं वाटायला लागलं. ताई तिकडे तशी, आणि मला बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून इतका वेळ मला कोणी हाक मारली नाही असं कधी झालं नव्हतं. बाहेर नुसतं पांढरं. उठायचं नाही, काही करायचं नाही. मध्ये विमानातली ती गणवेशातली मुलगी आली, चहा घ्या म्हणाली. मी घेतला. कोणाच्या हातचा, काय, काही विचारलं नाही. बसल्या जागी घेतला."

"मग?"

"मग काय? खाली उतरलो." तिने डबीचं झाकण लावलं. "फार लवकर उतरलो," ती म्हणाली आणि आत झोळीत मुलगी कुरकुरू लागली तशी उठून गेली.